ॲक्सल गुणोत्तर बदल

ॲक्सल गुणोत्तर बदल म्हणजे वाहनाच्या डिफरन्शियलमधील मूळ क्राउन व्हील व पिनियन काढून त्यांच्या जागी वेगळ्या दातेसंख्येची जोडी बसवणे. खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकी वाहनांना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यास इंजिन आणि चाके यांच्यातील मेळ बिघडतो. तो पुन्हा साधण्यासाठी हा बदल केला जातो. गिअर बदलल्याने वाहनाची ओढ जवळजवळ पूर्ववत होते. मात्र मोठ्या टायरमुळे ब्रेक, स्टिअरिंग व ॲक्सल शाफ्ट यांवर पडणारा वाढीव भार त्यामुळे कमी होत नाही.

मोठ्या टायरचे प्रयोजन

ज्या वाहनांत दोन्ही बाजूंची चाके एकाच ताठ ॲक्सलने जोडलेली असतात, त्यांत डिफरन्शियलचे घर हा जमिनीच्या सर्वांत जवळच्या भागांपैकी एक असतो. सस्पेन्शन उंच केल्याने वाहनाचा सांगाडा वर उचलला जातो, पण हे घर आहे त्याच उंचीवर राहते. ते वर उचलण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे टायरचा व्यास वाढवणे. व्यास ४ इंचांनी वाढल्यास ॲक्सलखालील मोकळी जागा २ इंचांनी वाढते. मोठे चाक दगडावर अधिक सहज चढते आणि हवा कमी केल्यावर जमिनीवर अधिक लांब टेकते, त्यामुळे पकड सुधारते.

टायरवर छापलेल्या मापावरून व्यास काढता येतो. २८५/७० आर १७ या मापात २८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीच्या उंचीची टक्केवारी आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. या टायरच्या भिंतीची उंची १९९.५ मिमी आणि एकूण व्यास सुमारे ८३१ मिमी, म्हणजे ३२.७ इंच भरतो. व्यवहारात त्याला ३३ इंची टायर म्हणतात.

गुणोत्तराचे गणित

क्राउन व्हीलच्या दात्यांच्या संख्येला पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता ॲक्सल गुणोत्तर मिळते. क्राउन व्हीलला ४१ व पिनियनला १० दाते असल्यास गुणोत्तर ४.१० होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे होतात. ४१ व ९ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ४.५६, तर ३९ व ८ दात्यांच्या जोडीचे ४.८८ असते.

टायरचा व्यास वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात वाहन अधिक अंतर कापते. परिणामी त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी पडतात आणि प्रत्येक गिअरमधील ओढ घटते. मूळ स्थिती साधणारे गुणोत्तर काढण्यासाठी जुन्या गुणोत्तराला नव्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागतात. ३३ इंची टायर व ४.१० गुणोत्तर असलेल्या वाहनाला ३७ इंची टायर बसवल्यास गिअर न बदलता परिणामी गुणोत्तर केवळ ३.६६ इतके उरते. मूळ ओढ परत मिळवण्यासाठी ४.६० गुणोत्तर लागते. उपलब्ध जोड्यांपैकी ४.५६ त्याच्या सर्वांत जवळ आहे. मोठ्या टायरचे वजन आणि वाऱ्याचा वाढीव अडथळाही भरून काढायचा असल्यास ४.८८ ची निवड केली जाते.

जीप रँग्लर रुबिकॉनचे उदाहरण

अमेरिकेतील जीप रँग्लरच्या रुबिकॉन या प्रकाराला कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातून जाणाऱ्या रुबिकॉन ट्रेल या खडतर वाटेचे नाव दिलेले आहे. २०१८ पासूनच्या पिढीत या वाहनाला ३३ इंची टायर व ४.१० गुणोत्तर होते. २०२१ मध्ये कंपनीने ३५ इंची टायरचा पर्याय दिला, तेव्हा त्यासोबत ४.५६ गुणोत्तर ठेवले. निव्वळ गणिताने ४.३५ पुरले असते. निवडलेले गुणोत्तर त्याहून बरेच अधिक आहे.

खडकांवरून अतिमंद गतीने जाण्याच्या क्षमतेला क्रॉल गुणोत्तर म्हणतात. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा लो गिअर आणि ॲक्सल यांच्या गुणोत्तरांचा तो गुणाकार असतो. हाताने गिअर बदलण्याच्या रुबिकॉनमध्ये ५.१३, ४ व ४.१० यांचा गुणाकार सुमारे ८४ येतो. ३७ इंची टायर बसवल्यास तो परिणामतः ७५ पर्यंत उतरतो. याचा फटका चढणीइतकाच उतरणीवरही बसतो, कारण तीव्र उतारावर वाहन मुख्यतः इंजिनाच्या रोधाने सावरले जाते. गिअर बदलल्यास हा रोधही परत मिळतो.

बसवण्याची प्रक्रिया

चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनात पुढील व मागील ॲक्सलचे गुणोत्तर सारखे असावे लागते. ते भिन्न असल्यास फोर-व्हील ड्राइव्ह जोडताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध खेचतात आणि शक्तिवहनाचे भाग तुटू शकतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणचे काम एकाच वेळी केले जाते.

पिनियनची खोली, दात्यांमधील मोकळीक आणि बेअरिंगवरील पूर्वताण या तीन बाबी शिम नावाच्या पातळ चकत्यांनी व तत्सम सुट्या भागांनी जुळवाव्या लागतात. मोकळीक साधारणतः ०.१५ ते ०.२५ मिमी ठेवली जाते. दात्यांवर रंगलेप लावून चाक फिरवले असता उमटणाऱ्या ठशावरून जुळणी तपासतात; ठसा दात्याच्या मध्यभागी पडणे अपेक्षित असते. जुळणी चुकल्यास गिअर आवाज करतात, तापतात आणि लवकर झिजतात. नवी जोडी प्रथम थोड्या अंतराच्या हलक्या फेऱ्यांनी चालवून प्रत्येक वेळी थंड होऊ दिली जाते आणि सुमारे ८०० किमीनंतर तेल बदलले जाते.

मर्यादा व सुरक्षितता

ब्रेक चाकापाशीच काम करत असल्याने ॲक्सलच्या गिअरचा त्यांना काही लाभ होत नाही. टायरची त्रिज्या वाढली की ब्रेकचा तोच टॉर्क जमिनीवर कमी बल निर्माण करतो. ३३ वरून ३७ इंचांवर गेल्यास पेडलावरील तेवढ्याच दाबाला ही घट सुमारे ११ टक्के असते. मोठ्या व जड चाकाचे फिरणे थांबवण्यासही अधिक बल लागते. बॉल जॉइंट, चाकांची बेअरिंग व स्टिअरिंगचे सांधे यांची झीज वाढते. पकड तीच असताना त्रिज्या वाढली की ॲक्सल शाफ्टवर येणारा टॉर्कही वाढतो.

गुणोत्तर वाढवताना पिनियनचे दाते कमी होतात व तो आकाराने लहान होतो. म्हणून फार मोठे गुणोत्तर तुलनेने कमकुवत ठरते.

जुन्या वाहनांत वेगदर्शक ट्रान्स्फर केसवरून चालतो. तेथे टायर व गिअर समप्रमाणात बदलल्यास त्याचे वाचन जवळपास बरोबर राहते. चाकांवरील संवेदकांतून वेग मोजणाऱ्या आधुनिक वाहनांत मात्र टायरचे माप व नवे गुणोत्तर दोन्ही संगणकात नोंदवावे लागतात. नोंद न केल्यास ३७ इंची टायरवर वेगदर्शक ताशी ८० किमी दाखवत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ९० किमी असतो.

अन्य पर्याय

सुझुकी सामुराईसारख्या हलक्या वाहनांत ॲक्सलऐवजी ट्रान्स्फर केसचे गिअर बदलण्याची पद्धत रूढ आहे. भारतातील मारुती जिप्सी याच घराण्यातील वाहन होय. मर्सिडीज-बेंझ युनिमॉगमध्ये पोर्टल ॲक्सल असतो. त्यात चाकाजवळच गिअर असल्याने ॲक्सल चाकाच्या केंद्राहून वर राहतो आणि गुणोत्तरही वाढते.

भारतातील स्थिती

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचे ॲक्सल गुणोत्तर ४.८८ होते. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची भारतात जुळणी सुरू केली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ अधोरेखित केला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.