भुकेचा कारभार

भिलाईच्या भट्ट्यांना रात्र ठाऊक नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून हे गाव पाळ्यांच्या हिशेबाने जेवते व निजते. रात्रपाळी करणाऱ्या एखाद्याचा देह सुटू लागला, की "जिभेवर ताबा नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. हा ठपका कितपत न्याय्य आहे?

स्थूलांची निंदा जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय असून त्यात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना निंदितांत केली आहे. मात्र स्थौल्याची कारणे सांगताना चरकाने अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांच्या जोडीला बीजस्वभावही सांगितला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

भुकेचे मूळ पोटात आहे, ही समजूत विसाव्या शतकातही टिकून होती. १९१२ साली कॅनन आणि वॉशबर्न यांनी गिळलेल्या फुग्याच्या साहाय्याने, जठराचे आकुंचन आणि भुकेची कळ एकाच वेळी येतात, असे दाखविले. परंतु जठर काढून टाकलेल्या रोग्यांनाही भूक लागतेच! १९४० साली हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतील अधश्चेतकाला, म्हणजे हायपोथॅलॅमसला, इजा केली. ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. पुढे १९५१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात लाहोरचे डॉ. बालकृष्ण आनंद यांनी ब्रॉबेक यांच्यासह त्याच भागाच्या दोन्ही बाजूंचा बारीकसा अंश निकामी केला. समोर अन्न असूनही उंदरांनी ते खाल्ले नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी १९६२ साली आणखी दाखविले, की रक्तातील साखर वाढली म्हणजे तृप्तीच्या केंद्राची विद्युत्क्रिया वाढते आणि क्षुधाकेंद्राची मंदावते. आज ही दोन केंद्रे म्हणजे एका विस्तृत जाळ्याचा भाग मानली जातात. पण भुकेचा कारभार मेंदूतून चालतो, हे त्यांनी पक्के केले.

कारभाऱ्याला कोठारातील साठ्याची बातमी कोण देते? १९९४ साली फ्रीडमन यांनी त्याचे उत्तर शोधले : चरबीच्या पेशींतून रक्तात उतरणारे लेप्टिन. १९९९ साली जपानात कोजिमा व कांगावा यांना जठरातून निघून भूक चेतविणारे घ्रेलिन सापडले. लेप्टिन टोचले की लठ्ठपणा हटेल, ही आशा मात्र फोल ठरली. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात ते भरपूरच असते. मेंदू त्याचे ऐकत नाही.

आपल्या पुण्याची साक्ष तर अधिकच विचार करायला लावते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण देहातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेला आपला माणूस आतून मेदस्वी असू शकतो. मग डोळ्यांनी देह पाहून न्याय कसा करायचा?

त्याच वर्षी शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूकही वाढली. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असे म्हणताना आपल्या पूर्वजांनी भूक आणि झोप एका ओळीत बसविली होती. त्या दोहोंचे नाते रक्तातूनही जाते, हे आता कळले.

यावरून संयम व्यर्थ ठरतो असे नव्हे. पण संयमाची लढाई सर्वांना सारख्या बळाने लढावी लागत नाही. तेव्हा रात्रपाळीहून परतलेल्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखविण्यापूर्वी, त्याला दिवसा निवांत झोप मिळते की नाही, एवढे तरी घरच्यांनी पाहावे.