जमीन-हक्कवादांचे पुनर्विलोकन (जत तालुका)

जमिनीच्या हक्काविषयी झालेला निर्णय पुन्हा तपासून घेण्याच्या अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन अशा तीन वाटा महाराष्ट्राच्या महसुली कायद्यात आहेत. अपिलात वरिष्ठ अधिकारी वस्तुस्थिती व कायदा या दोन्ही अंगांनी प्रकरण पाहतो, पुनरीक्षणात कनिष्ठाचा आदेश कायदेशीर आहे की नाही आणि कार्यवाही रीतसर झाली की नाही हे तपासले जाते, तर पुनर्विलोकनात आदेश देणारा अधिकारी किंवा त्याच्या पदावर आलेला उत्तराधिकारी स्वतःच्याच कार्यालयाचा आदेश पुन्हा हाती घेतो. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात या तिन्ही वाटांना विशेष महत्त्व येते, कारण येथील सातबाऱ्याच्या मागे धारणापद्धतींचे अनेक थर आहेत.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान सातारा जहागिरींपैकी एक होते. १९१७ साली डफळापूरची जहागीर त्यात मिळाली आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर विलीन प्रदेशांतील जहागिरी नष्ट करणारा १९५३ चा आणि संकीर्ण दुमाला जमिनींविषयीचा १९५५ चा, असे कायदे येत गेले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली व त्या जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येणार नाही अशा अटीवर, परत देण्याची तरतूद झाली. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळे खरेदीदार मानली गेली. परिणामी एकाच गटावर इनामदाराचे वारस, संरक्षित कूळ आणि नंतरचा खरेदीदार असे तिघे उभे राहू शकतात, आणि तिघांजवळही कोणत्या ना कोणत्या काळातला खरा कागद असतो.

वादाची सुरुवात बहुधा फेरफारावर होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घेतल्यावर चावडीवर तिची प्रत लावावी लागते आणि हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यावी लागते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणीनंतर मंडळ अधिकारी निर्णय देतो. न्यायाचा कस सर्वाधिक लागतो तो या नोटिशीपाशी. ऊसतोडीच्या हंगामात तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडून साखरपट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा वेळी बंद घराच्या दारावर डकवलेली नोटीस कागदोपत्री ‘बजावली’ ठरते, पण ज्याचे नाव सातबाऱ्यावरून कमी होणार असते त्याला ते पीककर्जासाठी उतारा काढतानाच कळते. पूर्व भागातील अनेक गावांत घरची भाषा कानडी असल्याने मराठी नोटीस हाती पडूनही तिचा आशय पोहोचेलच असे नाही. सासरी गेलेल्या मुलींची वारसनोंदीतून वगळलेली नावे हा याच दोषाचा आणखी एक प्रकार असून तो सर्वांत दुर्लक्षित आहे.

यावर संहितेत उपाय आहेत. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवसांची असली, तरी पुरेसे कारण दाखविल्यास कलम २५१ खाली विलंब माफ होतो. कलम २५८ चे पुनर्विलोकन मात्र जाणूनबुजून अरुंद ठेवलेले आहे: नवा व महत्त्वाचा पुरावा सापडणे, अभिलेखावर उघड दिसणारी चूक असणे किंवा तत्सम पुरेसे कारण असणे, एवढेच आधार चालतात, खाजगी व्यक्तींमधील हक्काचा प्रश्न असल्यास पक्षकाराने ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि मूळ आदेशाने ज्याला लाभ झाला त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश फिरवता येत नाही. ही शेवटची अट अत्यंत मोलाची आहे, कारण पहिल्या सुनावणीत एकावर झालेला अन्याय दूर करताना दुसऱ्यावर तसाच अन्याय होण्याचा धोका खरा असतो. याच न्यायाने सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली, १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेखालील एका गुजरातमधील प्रकरणात, पुनरीक्षणाला कायद्यात मुदत नसली तरी तो अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे असे ठरविले.

फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. कलम १५७ नुसार नोंद खरी असल्याचे गृहीतक असते, पण ते पुराव्याने खोडता येते. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाचा. परंतु दाव्यात कूळहक्काचा मुद्दा निघाला, तर कूळकायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तो मामलेदाराकडे पाठवावा लागतो, त्यामुळे दावा दोन कार्यालयांत अडकून पडतो आणि कमी जमिनीचा पक्षकार खर्चाने थकतो.

महसुली अधिकाऱ्याने नैसर्गिक न्याय डावलल्यास संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येते. जतच्या शेतकऱ्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सांगली जिल्ह्यातील अशी प्रकरणे तेथे चालविण्याची सोय झाली आहे.