बारा गिनींचा कोळी

परक्या माणसास आपल्या गांवीं बोलावून आणावयाचें तर गांवाची स्तुति करावी, ही रीत आपल्या स्थलपुराणांइतकी जुनी आहे. करवीरक्षेत्र काशीहून यवभर अधिक, हें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों. इंग्लंडांतील आगगाडीच्या कंपन्यांनीं आपल्या उतारूंकरितां हाच मार्ग धरिला. त्यांच्या आरंभींच्या भित्तिपत्रकांत एकाच कागदावर पांचसहा सुंदर देखावे, भोंवतीं वेलबुट्टी आणि जागा उरल्यास गाड्यांचें वेळापत्रक, असा थाट असे.

१९०८ सालीं ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनें ही रीत सोडली. लिंकनशायरच्या किनाऱ्यावरील स्केग्नेस हें मूळचें लहानसें खेडें. १८७३ सालीं तेथें आगगाडी पोंचली, आणि पुढें लवकरच अर्ल ऑफ स्कारबरो या जमीनदारानें रस्ते आंखून नवें गांव वसविलें. वाळू उत्तम, परंतु पाठीशीं डोंगर नाहीं, समोर उत्तर समुद्र, आणि त्यावरून येणारा वारा उन्हाळ्यांतहि कोटाच्या गुंड्या लावावयास लावणारा. अशा ठिकाणाविषयीं खरें सांगावें तर गिऱ्हाईक येत नाहीं, खोटें सांगावें तर तें एकदांच येतें.

कंपनीनें जॉन हॅसल या चित्रकाराकडून एक कोळी काढून घेतला. पोट सुटलेलें, पायांत उंच बूट, तोंडांत पाईप. असा हा गृहस्थ दोन्ही हात पसरून वाळूवरून उड्या मारीत चालला आहे. सोबत मजकूर एवढाच कीं, 'स्केग्नेस इज सो ब्रेसिंग'. या शेवटच्या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द आम्हांस सांपडत नाहीं. अंगावर कांटा आणील आणि त्याच झटक्यांत मरगळहि झाडून टाकील, अशा हवेला इंग्रज हें विशेषण लावतो. म्हणजे तेथें थंडी वाजेल हें जाहिरातदारानें कबूलच केलें. त्या थंडीनें स्थूल मनुष्यहि नाचूं लागतो, एवढें हंसत हंसत वर जोडलें. सबंध वर्ष धुरांत काढणाऱ्या लंडनच्या कामकऱ्यास ऊबेपेक्षां मोकळ्या हवेचीच भूक अधिक होती, हें ओळखण्यांत खरी चतुराई आहे. त्या वर्षींच्या गुड फ्रायडेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाहून स्केग्नेसला जाऊन येण्याचें भाडें तीन शिलिंग होतें.

आतां मौज अशी कीं, हॅसलनें तोंवर स्केग्नेस पाहिलेंच नव्हतें! तरीहि तें चित्र, डोळ्यांनीं पाहून काढलेल्या कित्येक देखाव्यांपेक्षां, गांवाशीं अधिक प्रामाणिक उतरलें. त्याबद्दल त्याला मिळाल्या बारा गिनी, म्हणजे २५२ शिलिंग. तीन शिलिंगांच्या हिशेबानें हीं अवघीं ८४ तिकिटें झालीं. गाडीचे एकदोन डबे भरले कीं चित्रकाराचें देणें फिटलें, आणि त्यापुढील प्रत्येक उतारू कंपनीच्या पदरांत! करार उभयतांस मान्य होता, तेव्हां कोणी कोणास फसविलें असें म्हणवत नाहीं; पण हा हिशेब आम्हांस गोड लागत नाहीं, हेंहि खरें.

पुढें १९२३ सालीं कंपन्यांचें एकीकरण होऊन ग्रेट नॉर्दर्न नाहींशी झाली. कोळी मात्र नव्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या भिंतींवर नाचतच राहिला. १९३६ सालीं, चित्रानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, हॅसल प्रथम स्केग्नेसला गेला. गांवानें त्याचा सत्कार करून त्याला किनाऱ्याचें स्वातंत्र्य बहाल केलें. मोठ्या शहरांत थोर पुरुषांस नगराचें स्वातंत्र्य देतात, त्याच धर्तीचा हा मान. तथापि त्या वाळूवर मनसोक्त फिरण्याची मुभा तीन शिलिंग देणाऱ्यास पूर्वींपासून होतीच. त्याच वर्षीं बिली बटलिन यानें तेथें आपली पहिली सुट्टीची छावणी उघडली, आणि गर्दीचें मान पार बदललें.

हॅसल १९४८ सालीं वारला. कोळ्याचा पुतळा आज गांवांत उभा आहे. त्या चार शब्दांचा कर्ता मात्र कंपनीच्या कचेरींतील कोणी अज्ञात नोकर मानला जातो. त्याला गिनी मिळाल्या नाहींत आणि किनाराहि नाहीं.