परदेश प्रवासातील मोबाइल डेटा

परदेश प्रवासातील मोबाइल डेटा म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर असताना भ्रमणध्वनीवर मिळणारी इंटरनेट सेवा. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला ती मुख्यतः तीन मार्गांनी मिळते: भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून, गंतव्य देशातील स्थानिक सिम विकत घेऊन किंवा प्रवासासाठीचे ई-सिम फोनमध्ये उतरवून. पर्यायांची तुलना बहुधा प्रति जीबी दरावर केली जाते. प्रत्यक्षात सिम कोणत्या देशाने दिले आहे, डेटा कोणत्या देशातून इंटरनेटला जोडला जातो आणि बँकेला जोडलेला भारतीय क्रमांक त्या काळात चालू राहतो की नाही, या बाबी दराइतक्याच निर्णायक ठरतात.

== महाळुंगे–चाकण परिसराचा संदर्भ ==

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव चाकण–तळेगाव मार्गावर असून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या चाकण औद्योगिक क्षेत्रात येते. (पुण्यातील बालेवाडीलगतचे महाळुंगे वेगळे.) बजाज ऑटोचा चाकण कारखाना याच गावच्या हद्दीत आहे. फोक्सवॅगनच्या निघोजे–महाळुंगे परिसरातील कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. मर्सिडीज-बेंझचा कारखाना आणि खालुंब्रे येथील ह्युंदाईचा बांधकाम यंत्रांचा कारखानाही याच पट्ट्यात आहेत.

त्यामुळे येथील परदेश प्रवास केवळ सहलीपुरता राहिलेला नाही. प्रशिक्षणासाठी, साच्यांच्या चाचणीसाठी किंवा नव्या यंत्राच्या तपासणीसाठी अभियंते आणि तंत्रज्ञ जर्मनी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया, जपान व चीन येथे जातात आणि तिकडचे तंत्रज्ञ इकडे येतात. मोठ्या कंपनीतील कर्मचाऱ्याला बहुधा कंपनीचे रोमिंग मिळते. सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यातून प्रथमच परदेशी निघालेल्या तंत्रज्ञाला मात्र सिमची निवड स्वतःच करावी लागते, आणि चुकीच्या निवडीची किंमतही बहुतेक वेळा त्यालाच मोजावी लागते.

== रोमिंगची कार्यपद्धती ==

सिम कार्ड हे मुळात ग्राहकाच्या ओळखीचे साधन आहे. म्युनिकच्या गिझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने १९९१ मध्ये पहिली सिम कार्डे तयार करून फिनलंडच्या रेडिओलिन्या या सेवादारास पुरविली. दुसऱ्याच वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाचा एक आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवितात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५, जर्मनीसाठी २६२, जपानसाठी ४४० आणि दक्षिण कोरियासाठी ४५० आहेत. ४०४ ने सुरू होणारे सिम फ्रँकफर्टमध्ये चालू झाले की तेथील जाळे हा ग्राहक भारतीय असल्याचे ओळखते, भारतातील मूळ सेवादाराकडे चौकशी करते आणि करार असल्यासच प्रवेश देते.

रोमिंगमधील डेटा सहसा यजमान देशातच इंटरनेटला जोडला जात नाही. तो आधी मूळ सेवादाराच्या देशात परत नेला जातो. फ्रँकफर्टमध्ये भारतीय सिमवर उघडलेले एखादे जर्मन संकेतस्थळही भारतमार्गे उघडते. या फेऱ्यामुळे प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो, पण प्रवासी इंटरनेटच्या दृष्टीने भारतातच राहतो. ही बाब काही देशांत अडचणीची, तर काही देशांत फार सोयीची ठरते.

== पर्याय ==

=== भारतीय सिमवरील रोमिंग ===

एअरटेल, जिओ, व्ही आणि बीएसएनएल हे चारही सेवादार आंतरराष्ट्रीय रोमिंग देतात. सर्वांत मोठी सोय म्हणजे क्रमांक बदलत नाही आणि विमानतळावर रांग लावावी लागत नाही. खर्चाच्या दृष्टीने योजना घेऊन रोमिंग वापरणे आणि योजनेविना वापरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

योजना निवडताना जाहिरातीतील जीबीच्या आकड्याखालचा बारीक मजकूर वाचणे इष्ट. योजनेतील ‘एक दिवस’ कॅलेंडरचा आहे की पहिल्या वापरापासूनच्या २४ तासांचा, रोजची मर्यादा संपल्यावर सेवा थांबते की वेग घटतो, आणि त्या देशातील नेमकी कोणती जाळी योजनेत आहेत, हे त्यातूनच कळते. फोनने आपोआप करारबाह्य जाळे पकडल्यास योजना असूनही वेगळी आकारणी होऊ शकते. अशा ठिकाणी जाळे हाताने निवडावे लागते.

=== स्थानिक सिम ===

एकाच देशात दोन आठवड्यांहून अधिक मुक्काम असेल तर स्थानिक सिम बहुधा सर्वांत स्वस्त पडते. डेटा त्याच देशात इंटरनेटला जोडला जात असल्याने वेगही चांगला मिळतो. अडचण असते ती ओळख पडताळणीची. बहुतेक देशांत पासपोर्ट दाखवावा लागतो आणि नियम देशागणिक बदलतात.

=== प्रवासी ई-सिम ===

ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसविलेली चिप, जिच्यात सेवादाराची माहिती क्यूआर संकेताद्वारे उतरविता येते. ग्राहकोपयोगी फोनसाठीचे जागतिक मानक २०१६ मध्ये आले आणि २०१८ च्या आयफोनपासून ते सर्वदूर परिचित झाले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ मध्ये तर प्लास्टिकच्या सिमसाठी खाचच नाही.

प्रवासी ई-सिमवर सहसा केवळ डेटा मिळतो, क्रमांक मिळत नाही. ते विकणारी कंपनी अनेकदा तिसऱ्याच देशातील सेवादाराचे सिम पुढे विकते. त्यामुळे सोलमध्ये बसलेला प्रवासी संकेतस्थळांना सिंगापुरात किंवा युरोपात असल्यासारखा दिसू शकतो. याने नकाशे अडत नाहीत. मात्र बँकेची सुरक्षा यंत्रणा अशा जोडणीकडे संशयाने पाहू शकते.

=== भारतातच मिळणारे परदेशी सिम ===

परदेशी सेवादारांची सिम भारतात विकण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि खरेदीदाराला प्रवासाची कागदपत्रे द्यावी लागतात. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो व होलाफ्लाय ही परदेशी ई-सिम विकणारी ॲप दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून भारतातील ॲप स्टोअरवरून हटविण्यात आली होती. ई-सिम निघण्यापूर्वीच घ्यायचे असल्यास विक्रेता परवानगीधारक आहे का, हे पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

खिशात मावणारा वाय-फाय राउटर भाड्याने घेणे हा आणखी एक पर्याय. जपान आणि कोरियात तो विमानतळावरच मिळतो. चार-पाच जणांच्या गटाला तो परवडतो, पण गट विखुरला की राउटर एकाकडे आणि बाकीचे इंटरनेटविना अशी स्थिती होते.

== देशानुसार फरक ==

जर्मनी व युरोपीय संघ. १ जुलै २०१७ पासून जर्मनीत प्रीपेड सिमसाठीही ओळख पडताळणी सक्तीची आहे. सिम सुपरमार्केटमध्ये सहज मिळते, पण पडताळणीशिवाय सुरू होत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने शनिवारी रात्री उतरणाऱ्याने सोमवारपर्यंतची सोय आधीच केलेली बरी. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका सदस्य देशाचे सिम इतर सदस्य देशांत देशांतर्गत दरानेच वापरता येते. वाजवी वापराच्या मर्यादेमुळे डेटाचे प्रमाण मात्र कमी असू शकते. चाकणहून फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गला जाऊन पुढे स्कोडाच्या म्लाडा बोलेस्लावला जाणाऱ्या अभियंत्याला म्हणूनच एक जर्मन सिम पुरते. तोच अभियंता शनिवार-रविवारी स्वित्झर्लंड पाहायला गेला तर हा नियम लागू होत नाही, कारण स्वित्झर्लंड संघाबाहेर आहे. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यापासून या व्यवस्थेत नाही.

जपान व दक्षिण कोरिया. जपानमध्ये अल्पकालीन प्रवाशांना सहसा केवळ डेटाचे सिम मिळते. आवाजी सेवेच्या क्रमांकासाठी ओळख व निवासाची कागदपत्रे लागतात. कोरियात एसके टेलिकॉम, केटी आणि एलजी यूप्लस हे तीन मोठे सेवादार आहेत. अनेक कोरियन ॲपमध्ये नोंदणीसाठी स्थानिक क्रमांक लागतो, त्यामुळे लांब मुक्कामात निव्वळ डेटाचे ई-सिम अपुरे पडते.

संयुक्त अरब अमिराती. येथील स्थानिक जाळ्यांवर व्हॉट्सॲपच्या आवाजी व दृश्य संवादावर निर्बंध राहिले आहेत. भारतीय सिमच्या रोमिंगचा डेटा भारतमार्गे जात असल्याने त्यावर हे निर्बंध सहसा जाणवत नाहीत.

चीन. हाच प्रकार चीनमध्ये अधिक ठळक दिसतो. तेथील स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत, पण परदेशी सिमच्या रोमिंगवर ते साधारणपणे चालतात. यंत्रखरेदीसाठी चीनला जाणाऱ्या लघुउद्योजकाला घरच्यांशी आणि कारखान्याशी नेहमीच्या मार्गाने बोलायचे असेल, तर महागडे रोमिंगच स्थानिक सिमपेक्षा उपयोगी पडते. प्रति जीबी दराची तुलना येथे पुरती निरुपयोगी ठरते.

तुर्कस्तान. बाहेरून आणलेला फोन नोंदणी न केल्यास स्थानिक सिमसह १२० दिवसांनंतर बंद पडतो. हे बंधन सिमवर नसून उपकरणावर आहे.

== भारतीय क्रमांक चालू ठेवणे ==

भारतीय प्रवाशाची खरी अडचण डेटापेक्षा ओटीपीची असते. बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी आणि यूपीआय हे सर्व एका भ्रमणध्वनी क्रमांकाला जोडलेले असतात. भारतीय सिम काढून त्या जागी परदेशी सिम घातले की हे सर्व एकाच वेळी तुटते.

दोन सिमच्या फोनमध्ये यावर साधा उपाय आहे. भारतीय सिम फोनमध्येच ठेवून त्यावर रोमिंग सेवा सुरू करावी, मात्र त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम निवडावे. बहुतेक सेवादारांकडे रोमिंगमध्ये लघुसंदेश घेण्यास शुल्क नसते, त्यामुळे ओटीपी येत राहतात. आलेला फोन उचलल्यास मात्र आकारणी होते. दुर्बल जाळे असताना फोनला दुसऱ्या सिमचा डेटा आपोआप वापरू देणारी सोयही बंद करावी. अनेकांचे अनपेक्षित बिल याच एका कळीमुळे आलेले असते.

यूपीआय ॲपची पहिली नोंदणी त्या सिमवरून लघुसंदेश पाठवून होते. नवा फोन घेऊन परदेशी जाणाऱ्याने ही नोंदणी भारतात असतानाच उरकावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशवहन ॲपही नोंदणीकृत सिमशी सतत जोडलेली असावीत असे निर्देश दिले, त्यामुळे मूळ सिम फोनमध्ये असण्याचे महत्त्व वाढले आहे.

दीर्घ मुक्कामात वेगळाच धोका असतो. ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल, तर तो बंद केला जाऊ शकतो. असा क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्याने घरच्या एखाद्या व्यक्तीकडे रिचार्जची जबाबदारी सोपविणे म्हणूनच आवश्यक. कायम वास्तव्यास गेलेल्यांसाठी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर व संयुक्त अरब अमिरातीसह दहा देशांच्या क्रमांकांवर अनिवासी खात्यांसाठी यूपीआयची मुभा दिली. त्या पहिल्या यादीत जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया नव्हते. म्हणजे चाकण परिसरातील उद्योगांचा ज्या देशांशी अधिक संबंध, तेच वगळले गेले.

== डेटाची गरज ==

नकाशे, संदेश आणि भाषांतर यांना फारसा डेटा लागत नाही. व्हॉट्सॲपवरील आवाजी संवाद मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत भागतो. दृश्य संवादाला त्याच्या कित्येक पट लागतो. उच्च दर्जाच्या चित्रफितीला तासाला सुमारे ३ जीबी लागू शकतात. नकाशे आणि भाषांतराची भाषा निघण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून घेतल्यास दिवसाची गरज बरीच घटते. फोनचे आपोआप होणारे अद्ययावतीकरण आणि छायाचित्रांची साठवण वाय-फायपुरती मर्यादित करणे हेही तितकेच उपयुक्त.

विमानात आणि जहाजावर उपग्रहाद्वारे चालणारी स्वतंत्र जाळी असतात. ती कोणत्याही देशाची नसल्याने सामान्य रोमिंग योजनेत सहसा मोडत नाहीत आणि त्यांचे दर फार चढे असतात. विमानात फोन ‘विमान स्थिती’वर ठेवल्याने हा खर्चही टळतो.

== परदेशातून येणारे पाहुणे ==

चाकण परिसरात येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांना उलट दिशेची अडचण येते. भारतीय सिमसाठी पासपोर्ट व व्हिसाबरोबर स्थानिक पत्ताही द्यावा लागतो. सार्वजनिक वाय-फायपासून टॅक्सीच्या ॲपपर्यंत अनेक ठिकाणी भारतीय क्रमांकावर ओटीपी मागितला जातो. त्यामुळे केवळ डेटाचे ई-सिम घेऊन आलेल्या पाहुण्याकडे इंटरनेट असूनही टॅक्सी मिळत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ई-व्हिसावर येणाऱ्या पर्यटकांना ५० रुपयांचा टॉकटाइम आणि ५० एमबी डेटा असलेले बीएसएनएलचे सिम मोफत देण्याची योजना सुरू झाली होती. कारखान्यात आठवडाभरासाठी येणाऱ्या पाहुण्याचे येणे-जाणे बहुधा यजमान कंपनीच्या गाडीवर आणि तिच्या कर्मचाऱ्याच्या फोनवर अवलंबून असते.