रणगाड्यावरची धूळ

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, तो नांदता. शहापूरजवळचा माहुली गड आज ओसाड आहे. पण त्याची प्रतिकृती करताना ढासळलेले बुरूज सहसा कुणी दाखवत नाही. प्रतिकृती करणारा आकार निवडतो, तसा काळही निवडतो. रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींत ही निवड अधिक अवघड होते, असे आम्हांस वाटते.

‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्याचेच पाहू. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यातून लढले. रणगाडा पेटल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्यातच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीर चक्र त्यांना लाभले. डागडुजी केलेला तो रणगाडा अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे.

१:३५ प्रमाणात तोफेसह तो जेमतेम २८ सेंटिमीटर भरतो. जोडणी आणि मूळ रंग झाला, की खाचांत पातळ काळपट रंग झिरपवायचा, कडांवर उडालेले टवके दाखवायचे, शेवटी साखळपट्ट्यांवर चिखल आणि अंगावर धूळ. पण ही धूळ कोणत्या घटकेची? लढाईत उतरण्यापूर्वीची असेल, तर एवढे पुरे. आगीनंतरची असेल, तर काजळी आणि होरपळलेले पोलाद हवे.

डागडुजीत पुसली गेलेली ती घटका प्रतिकृती परत आणू शकते. मात्र अशा रणगाड्यात चार माणसे असतात. त्यांचा विसर पडून काजळी केवळ देखणेपणासाठी फासली, तर तिला इतिहास म्हणता येणार नाही.