बोलणाऱ्याचा माईक की ऐकणाऱ्याचा? हौशी रेडिओच्या टेबलावरचा एक इतिहास



तत्त्वज्ञानाच्या माणसाने मायक्रोफोनवर बोलावं, हे थोडं विचित्र वाटेल. त्याला एक कारण घडलं. मागच्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातली काही महाविद्यालयीन मुलं आमच्याकडे आली. त्यांना हौशी रेडिओचं, म्हणजे हॅम रेडिओचं केंद्र उभं करायचं आहे. संच ठरला, अँटेनाची जागा ठरली, परीक्षेचे अर्ज भरून झाले. आता प्रश्न एवढाच, की "सर, टेबलावर ठेवायला माईक कोणता घ्यावा?" आम्ही त्यांना म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला तासभर लागेल. तो तास आज तुमच्यापुढे घेतो.

आधी एक भेद लक्षात घ्या. आकाशवाणी एक बोलते आणि हजारो ऐकतात. हौशी रेडिओत एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतो आणि उत्तराची वाट पाहतो. तिथे गाणी लावता येत नाहीत, धंदा करता येत नाही, गुप्त भाषेत बोलता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि आपल्या देशाच्या हौशी केंद्रांची ओळखखूण सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. म्हणजे हे संवादाचं यंत्र आहे. हा भेद विसरला की माईक हमखास चुकतो. आमचा चुकला होता. ते पुढे सांगतो.

मायक्रोफोनचा इतिहास टेलिफोनपासून सुरू होतो. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनर, एडिसन आणि ह्यूज या तिघांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट ओळखली: सैलसर स्पर्शात असलेल्या पदार्थांवर आवाजाचा दाब पडला की त्यांतून वाहणारी वीज कमीजास्त होते. त्यातून कार्बनचा माईक आला. डबीत कोळशाची बारीक भुकटी आणि पुढे पातळ पडदा. जुन्या काळ्या टेलिफोनच्या बोलण्याच्या टोकात हाच असे. भुकटी दबून बसली की आवाज मंद व्हायचा, मग लोक रिसीव्हर टेबलावर आपटायचे. आपल्याला वाटायचं माणूस चिडला आहे. खरं तर तो दुरुस्ती करत असायचा.

१९१६ मध्ये वेंट यांनी कंडेन्सर माईक केला. १९३० च्या दशकात स्फटिकाचा माईक आला आणि हौशी मंडळींना तो फार आवडला. ॲस्टॅटिक या अमेरिकी कंपनीचा डी-१०४, लांब दांड्यावर गोल डोकं असलेला, कितीतरी दशकं जगभरच्या हॅम मंडळींच्या टेबलावर उभा होता. अशा माईकमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो दाबला की वीज निर्माण होते. आवाज तल्लख, खणखणीत. पण या क्षाराला दमटपणा सोसत नाही आणि सुमारे ५५ अंशांच्या पुढे तो टिकत नाही. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बंद खिडकीशी ठेवलेली वस्तू किती तापते? ओहायोत जे पन्नास वर्षं चाललं, ते आपल्याकडे दोन उन्हाळ्यांत गेलं तर त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही.

मग डायनॅमिक माईक: चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी. याला बाहेरून वीज लागत नाही, ऊन-धूळ-धक्का तो बराच सोसतो. आणि शेवटी इलेक्ट्रेट, १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत सेस्लर आणि वेस्ट यांनी केलेला. पुढे खिशातल्या फोनपर्यंत सगळीकडे त्याचाच वंश पोचला.

आता आपल्या देशाकडे या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे हौशी केंद्रं बोलू लागली. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने सगळे हौशी परवाने रद्द केले, संच जमा करायला सांगितले. सत्तेला बोलण्याच्या साधनाची केवढी भीती वाटते, ते यातून दिसतं. आणि ती भीती खोटी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी ही मंडळी ४२.३४ मीटरवर बोलत होती. त्यांचं प्रक्षेपणयंत्र जुळवणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी रेडिओवालेच. जागा सारख्या बदलत, पोलीस मागावर. १२ नोव्हेंबरला पारेखवाडीत छापा पडला. पकडल्या गेलेल्या तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना ठिकाण कळलं होतं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

याच खटल्यात नानक मोटवाने यांचंही नाव आलं. पुढे ते सुटले. त्यांची कंपनी शिकागो रेडिओ. गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या सभेचं जुनं छायाचित्र नीट पाहा, समोरच्या माईकवर पुष्कळदा हे नाव दिसेल. १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या कानांवर अधिकृत आवाज पडायचा तो हैदराबादचा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते संपलं. पण हौशी रेडिओ खेड्यापाड्यांत यायला आणखी बराच काळ जावा लागला. लष्कराने मोडीत काढलेले संच मिळवायचे, ते दुरुस्त करायचे, अशी ती रीत. १९८४ मध्ये सरकारने हौशी रेडिओसंचांवरची आयात जकात माफ केली, तेव्हा आमच्यासारख्या पगारदार माणसाला थोडी आशा वाटू लागली.

आम्ही तेव्हा अंबाजोगाईत शिकवत होतो. परवाना मिळाला, जुना संच मिळाला, आणि एक वापरलेला स्फटिकाचा माईक. पत्र्याच्या खोलीत तो दोन उन्हाळ्यांत गेला, ती कथा मघाशी सांगितलीच, फक्त आमचं नाव घेतलं नव्हतं. मग आम्ही एका मंडपवाल्याकडून सभेचा माईक आणला. काय आवाज होता! भारदस्त, गोड, पोटातून आल्यासारखा. आम्हाला आमचाच आवाज फार आवडला. नागपूरकडच्या एका स्नेह्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "बोला, कुठून बोलताय? बूडहून?" आम्ही म्हटलं, "बूड नव्हे हो, बीड!" दोघंही हसलो आणि विषय तिथेच सोडला.

त्या विनोदात सगळं शास्त्र होतं. 'ई' आणि 'ऊ' या स्वरांचा खालचा भाग जवळजवळ सारखा असतो. फरक पडतो तो वरच्या भागात: 'ई'चा दुसरा ठळक पट्टा दोन हजार कंपनांच्या वर, 'ऊ'चा हजाराच्या आसपास किंवा खाली. सभेचा माईक खालचे सूर फुगवतो, त्या ओझ्याखाली वरचे दबतात, आणि बीडचं बूड होतं. हौशी रेडिओवर साधारण तीनशे ते तीन हजार कंपनांपर्यंतचाच आवाज जातो. 'स'चा बहुतेक जोर त्याच्याही वर असतो, म्हणून सात, साठ आणि आठ यांत गोंधळ मुळातच ठरलेला. त्यात माईकने भर घातली तर विचारायलाच नको.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. बाहेरून हौशी रेडिओवाले भूकंपाच्या भागात आले आणि निरोप पोचवू लागले. आमच्या गावच्या रुग्णालयात जखमी येत होते. आम्ही नावं-गावं लिहून घ्यायचो आणि घरी येऊन रेडिओवर सांगायचो. एका बाईंचा निरोप होता, त्या जिवंत आहेत, चिंचोली जोगनला कळवा. आता चिंचोली दोन. एक लातूरकडची चिंचोली जोगन, एक उस्मानाबादकडची चिंचोली रेबे, आणि दोन्ही भूकंपाच्या पट्ट्यात. आम्ही तीनदा सांगितलं. पलीकडून फक्त 'चिंचोली' उमटलं. पुढचा शब्द त्या गोड घुमाऱ्यात बुडाला. निरोप दुसऱ्या चिंचोलीला गेला. त्या बाईंचा मुलगा आईला मेलेली समजून दोन दिवस ढिगाऱ्यापाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयात पोचला तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्याने आम्हाला काही म्हटलं नाही. त्याला माहीतच नव्हतं, की त्याचे ते दोन दिवस आमच्या टेबलावर गेले होते.

आपल्या परंपरेने वाणीचे चार टप्पे सांगितले: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. आम्ही ते वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. वैखरी म्हणजे बाहेर पडलेली वाणी, इथे आमचं स्पष्टीकरण थांबायचं. त्या आठवड्यानंतर आम्ही पुढे एक वाक्य जोडू लागलो: बाहेर पडलेली वाणी दुसऱ्याच्या कानात अर्थ होऊन उतरली नाही, तर बोलणं अजून झालेलंच नाही.

तेव्हा मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आधी संचाबरोबर आलेला हातातला माईक वापरा. तो त्या संचासाठीच जुळवलेला असतो आणि पुष्कळदा तेवढा पुरतो. टेबलावरचा माईक घ्यायचा तो हात मोकळा राहावा, निरोप लिहिता यावा म्हणून. डायनॅमिक घ्या, बोलण्यासाठी बनवलेला घ्या, गाण्यासाठी नव्हे. बूड जड हवं, म्हणजे टेबलाला धक्का लागला तर तो डगमगणार नाही. बोलताना दाबायची कळ सहज हाताखाली येते का, ते पाहा. पायाने दाबायची असेल तर उत्तमच. माईकचा आणि संचाचा रोध जुळतो का, हे आधी विचारा. आठ टाचण्यांची गोल पिन दिसायला सारखी असते, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी. काही संच इलेक्ट्रेटसाठी माईकच्या तारेतून थोडी वीज पाठवतात. ती डायनॅमिकच्या गुंडाळीत जाऊ देऊ नका. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा आणि थोडं बाजूने बोला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटणार नाहीत. आवाज वाढवायचं बटण पिळू नका. संचावरचा एएलसीचा काटा हद्दीत राहील एवढंच.

आणि शेवटची परीक्षा. माईक आणल्यावर स्वतःचा आवाज ऐकून खूश होऊ नका. दूरच्या तीन अनोळखी केंद्रांना तुमच्या तालुक्यातल्या दहा गावांची नावं आणि दहा आकडे सांगा, एकदाच. त्यांनी काय लिहून घेतलं ते परत वाचून दाखवायला सांगा. यादीत होळ असू द्या आणि होळीही असू द्या, सात असू द्या आणि साठही. जो माईक ही यादी पार नेईल, तो तुमचा. मग त्यात तुमचा आवाज कितीही चिरका वाटो.

आमचा मंडपवाल्याचा माईक आम्ही त्याच महिन्यात परत केला. तो म्हणाला, "सर, बिघडला का?" आम्ही म्हटलं, "नाही रे, माईक उत्तम आहे. आमचंच काम वेगळं होतं."