ऑस्कर, अरोवाना पाळताय? आधी टाकीचा हिशेब करा
दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर साधारण ३० सेंटिमीटर, तर सिल्व्हर अरोवाना ९० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे टाकी माशाच्या पूर्ण वाढीनुसार घ्या.

हिशेब कसा कराल?
लांबी, रुंदी, उंचीचा फुटांतील गुणाकार × २८ = लिटर. ४ × २ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावतं. एका ऑस्करला ती पुरते; अरोवानाला नाही.

जालन्यात काय पाहाल?
दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे ८५ लिटर पाणी बदलावं लागतं. नळाला दिवसाआड पाणी येत नसेल, तर गप्पी, मॉलीच बरे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप हवाच.

मासा टाकीत मावेना म्हणून घाणेवाडी तलावात सोडू नका. असे परके मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात.